नमुन्यातला धर्म

जनगणनेच्या कार्यालयात त्यांना सगळे नमुनेराव म्हणत. नाव ठेवणाऱ्यांचा हेतू फार चांगला नव्हता, पण त्यांना ते लागलं नाही, कारण नमुने तयार करणं हेच त्यांचं काम होतं. दर दहा वर्षांनी देशातली माणसं मोजायची वेळ आली की हजारो शिक्षक आणि बेकार पदवीधर फॉर्मचे गठ्ठे काखेत मारून दारोदार फिरतात. सरकारी भाषेत त्यांना प्रगणक म्हणतात. फॉर्म कसा भरायचा हे या प्रगणकांना आणि स्वतःच्या हातानं भरणाऱ्या लोकांना कळावं म्हणून आधी एक भरलेला फॉर्म छापतात. त्यातलं कुटुंब खोटं, घर खोटं, घरातला नळसुद्धा खोटा. हे सगळं खोटं खऱ्यासारखं मांडायचं काम नमुनेराव अठ्ठावीस वर्षं करत आले होते. ही त्यांची तिसरी जनगणना आणि शेवटची, कारण निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

यंदाचा नमुना त्यांनी मन लावून भरला होता. कुटुंबप्रमुख, वय सेहेचाळीस, काम सुतारकी. बायको, वय एकेचाळीस. मुलगी, वय बारा. खोल्या दोन, पाणी अंगणातल्या नळाचं. साहेबांचं बोट एकेका रकान्यावरून सरकत धर्माच्या रकान्यावर आलं आणि तिथंच थांबलं.

"इथं मोठ्या धर्माचं नाव लिहिलं तर छोटे ओरडणार," साहेब म्हणाले. "छोट्याचं लिहिलं तर मोठे ओरडणार. 'धर्म नाही' असं लिहिलं तर दोघं गळ्यात गळे घालून ओरडतील. आणि मोकळं ठेवलं तर हे प्रगणक लेकाचे देशभर मोकळंच ठेवतील."

"मग काय लिहू, साहेब?"

"असा धर्म लिहा, जो कुणाचाच नाही."

नमुनेराव जागेवर आले, पेन टेकवलं आणि 'सोरवणी' असं लिहून मोकळे झाले. डोकं खाजवावं लागलं नाही. मागच्या जनगणनांत लोकांनी लिहिलेल्या धर्मांची यादी कार्यालयात होती, ती त्यांनी नियमाप्रमाणे पाहिली. यादी मोठी मजेशीर होती. त्यात सूर्याला मानणारे होते, झाडांना मानणारे होते, कुणी धर्माच्या रकान्यात आपल्या फुटबॉल संघाचं नाव लिहिलं होतं, तर एका गृहस्थानं 'बायको म्हणेल तो' असं लिहून खाली झोकदार सही ठोकली होती. सोरवणी मात्र कुठंच नव्हते. साहेब पक्के सावध गडी. त्यांनी लेखी घेतलं: 'सदर नाव मी कल्पनेने तयार केले असून ते कोणत्याही धर्माचे वा पंथाचे नाही.' नमुनेरावांनी खाली सही केली. मग फॉर्म छापला गेला, आणि लोकांना समजावं म्हणून त्याची भलीमोठी पोस्टरं चौकाचौकांत लागली.

अकरा महिन्यांनी एका मंगळवारी कोडवाल्या बाई हसत हसत त्यांच्या टेबलाशी आल्या. हातानं लिहिलेल्या उत्तरांना कोड नंबर देणं हे या बाईंचं काम. कुणाचा धर्म किती नंबरचा, हे त्यांना तोंडपाठ असे.

"नमुनेराव, अभिनंदन हो! तुमच्या धर्माला माणसं मिळाली."

"माझ्या?"

"सोरवणी. सहाशे अकरा लोक आहेत. कोड कुठला देऊ?"

सगळी खोली खो खो हसली. कुणी म्हणालं, आता मठ बांधा. कुणी म्हणालं, आम्हालाही घ्या, वर्गणी काय ते सांगा. नमुनेरावही हसले, पण त्यांचं हसणं दोन शब्द मागे होतं. सहाशे अकरा?

साहेबांना कोडं तिथल्या तिथं सुटलं. ज्या प्रगणकांना दारं बंद मिळाली, किंवा ज्यांना जिने चढायचा कंटाळा आला, त्यांनी घरी बसून चौकातला नमुना जसाच्या तसा उतरवला. असं होणार हे कुणाला सुचलं नव्हतं, कारण नमुन्याची नक्कल करणं म्हणजे नमुन्याचा उपयोग करणंच, असं सगळ्यांना वाटत आलं होतं. साहेबांनी एक कागद टाइप करून आणवला. 'सोरवणी ही नोंद नमुन्याची नक्कल असल्याने रद्द समजावी. असा धर्म अस्तित्वात नाही.' नोंद रद्द झाली की सहाशे अकराच्या सहाशे अकरा माणसं 'उत्तर नाही' या खात्यात जाणार होती.

"शुक्रवारी पाचच्या आत सही करून द्या," साहेब म्हणाले. "नाव तुम्ही जन्माला घातलंत, आता पोचवा."

सही लगेच करता आली असती. पण कारकुनाची खोड मरेपर्यंत सुटत नाही. नमुन्यातल्या घरात माणसं तीन, तेव्हा नकला कितीही असोत, माणसांचा आकडा तीनच्या पाढ्यात यायला हवा. नमुनेरावांनी कागदाच्या कोपऱ्यात सहाशे अकराला तीननं भागलं. दोन उरले. पुन्हा भागलं. पुन्हा दोन उरले. चहा पिऊन येऊन पुन्हा भागलं, आणि ते दोन तसेच बसून राहिले.

बुधवारचा सगळा दिवस त्यांनी रेकॉर्डरूममध्ये काढला. गठ्ठे सोडून सोडून बोटं काळी झाली. सुताराची एकशे नव्वद कुटुंबं सापडली. तेच सेहेचाळीस, एकेचाळीस, बारा, तोच नळ. एका महाभागानं तर नमुन्याखालचं 'केवळ मार्गदर्शनासाठी' हेही उतरवलं होतं. एकशे नव्वद त्रिक पाचशे सत्तर. राहिले एकेचाळीस. हे एकेचाळीस सुताराच्या घरातले नव्हते. वयं वेगळी, धंदे वेगळे, अक्षरं वेगळी. नऊ घरं, आणि नऊच्या नऊ एकाच गल्लीतली, बाजारामागच्या किल्लीवाल्यांच्या गल्लीतली. धर्माच्या रकान्यात प्रत्येक घरानं आपल्या हातानं लिहिलं होतं: सोरवणी.

नमुनेराव स्टुलावर बसले ते बसलेच. थट्टा म्हणावी, तर नऊ घरांनी मिळून कोण थट्टा करील? आणि खरं म्हणावं, तर मी मनानं रचलेला शब्द यांच्या घरी कसा गेला?

संध्याकाळी घरी हे सगळं सांगावं असं त्यांना वाटलं, पण सांगणार कुणाला? लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरात ते आणि आई, आणि आईनं त्यांच्या नोकरीची चौकशी अठ्ठावीस वर्षांत एकदाही केली नव्हती. नोकरी लागल्याचं पत्र त्यांनी तिच्या हातात दिलं होतं, तेव्हा तिनं ते उलटं ठेवून त्यावर दुधाचं पातेलं ठेवलं होतं. शेजारी कुणी विचारलं तर ती "कागदाचं काम करतो" एवढंच सांगे. थोरल्या बहिणीच्या दुकानाचं तिला कौतुक, मधल्या भावाच्या गाडीचं कौतुक, आणि यांचं नाव निघालं की विषय भाजीवर. नमुनेरावांना ते आतून फार लागलेलं होतं. सत्तावन्नाव्या वर्षी आईवर रुसणं शोभत नाही, म्हणून ते गप्प राहत, एवढंच.

तशी ती पहिल्यापासून विचित्रच. मुलं किती, असं कुणी विचारलं तर तिची मूठ मिटायची, अंगठा आत, आणि ती म्हणायची, "आहेत, हाताशी आहेत." लहानपणी त्यांना वाटे, आई आता गुद्दा मारणार. जेवणाची ताटंसुद्धा ती मोजून घेत नसे. एकेकाला हाक मारायची, त्यानं ओ दिली की त्याचं ताट मांडायची. आधी ताई, मग दादा, सगळ्यात शेवटी ते. मग अंगणाकडे बघून विचारायची, "कोण राहिलं?" कुणीच राहिलेलं नसायचं. तरी रोज विचारायची.

गुरुवारी नमुनेरावांनी फेरतपासणीचं पत्र घेतलं आणि किल्लीवाल्यांची गल्ली गाठली. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या दोन दुकानदारांना एकाच वेळी हातपाय ताणता येऊ नयेत. दोन्ही बाजूंना कानशींची करकर, भिंतींवर किल्ल्यांचे जुडगे, खाली पितळेचा भुगा. पहिल्या फॉर्मवरच्या नंबराचं दार उघडंच होतं. चाळिशीतला एक किल्लीवाला चिमट्यात किल्ली धरून घासत होता.

"जनगणनेतून आलोय," नमुनेरावांनी ओळखपत्र पुढं केलं. "फेरतपासणी आहे. तुमच्या फॉर्ममध्ये धर्म जरा... म्हणजे नमुन्यात मी जो लिहिला होता, तोच तुम्ही..."

कानस थांबली. "चौकातल्या पोस्टरवरचं तुम्ही लिहिलंत?"

"हो. मीच लिहितो."

किल्लीवाल्यानं आत तोंड करून आरोळी ठोकली. "आत्या! अगं, ते आले बघ!"

ते म्हणजे कोण, हे नमुनेरावांना कळेना. त्यांना हाताला धरून आत नेलं गेलं. आतल्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत एक म्हातारी होती, अंगानं चिमूटभर, पण डोळे लखलखीत. तिनं त्यांना खालून वर पाहिलं. मग उजव्या हाताची मूठ मिटली, अंगठा आत घेतला, आणि ती छातीवर ठेवली.

ही मूठ नमुनेरावांनी घरी हजारदा पाहिली होती.

"बसा," आत्या म्हणाली. "किती वाट बघितली तुमची. पोस्टर लागल्यापासून म्हणतेय, येईल तो माणूस, स्वतः येईल."

"आजी, तुमचा काहीतरी गैरसमज..."

"आत्या म्हणा, सगळे म्हणतात. हा एक दिवस धापा टाकत आला. म्हणे, आत्या, सरकारनं आपलं नाव चौकात लावलंय. मी म्हटलं, उन्हानं डोकं फिरलंय तुझं. आपलं नाव आपण बाहेर कुणाला सांगत नाही. भाडेकरूला नाही, मास्तरला नाही, डॉक्टरला नाही. मग दोघांनी धरून नेलं मला चौकात. वाचलं, आणि तिथंच खाली बसले मी."

चहा आला, बिस्किटं आली, आणि दारात बघ्यांची गर्दी झाली. शिवणाचं माप गळ्यात घातलेली एक बाई नमुनेरावांकडे पाहुण्या नवरदेवाकडे बघावं तसं बघत होती. नमुनेरावांनी घाम पुसला.

"पण तुम्ही याआधी कधी फॉर्ममध्ये लिहिलं नाहीत?"

"फॉर्म भरलाच नाही कधी. आमच्यात माणसं मोजत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे मोजत नाहीत!" आत्या जरा तडकलीच. "मेंढरं मोजा, किल्ल्या मोजा, पायऱ्या मोजा. माणूस नाही मोजायचा. एकदा तो आकड्यात गेला, की आकड्यातून एक कमी करायला कुणाला काही वाटत नाही. माणसाला हाक मारायची. त्यानं ओ दिली की तो आहे. बस, एवढंच आमचं आहे. देऊळ नाही, पुस्तक नाही. काय सांभाळायचं ते एवढंच."

"मग या वेळी कसा भरलात?"

"त्यावरूनच तर तीन दिवस भांडलो. काहींनी नाहीच भरला. त्यांची दारं मी तुम्हाला दाखवणार नाही, विचारूही नका. आम्ही म्हटलं, मोजणाऱ्यांच्या घरात आपलं माणूस बसलंय. एवढ्या मोठ्या अक्षरात त्यानं हाक मारलीय. हाकेला ओ द्यायला नको?"

नमुनेरावांनी हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं. मी कुणाला हाक मारली नाही हो, असं सांगायला हवं होतं. साहेबांनी सांगितलं, कुणाचा नसेल असा धर्म लिहा, म्हणून मी खरडलं. उद्या पाचच्या आत मी सही करणार आणि तुम्ही सगळे 'उत्तर नाही'मध्ये जाणार, असंही सांगायला हवं होतं. या लोकांनी पिढ्यान्पिढ्या पाळलेला नेम त्यांच्या भरवशावर मोडला होता, आणि त्यांच्या बॅगेत तो कागद घडी घालून पडला होता. लाज वाटून त्यांनी बॅग पायामागे सरकवली.

"तुम्ही कुणाचे?" आत्यानं विचारलं.

"मी... आई आहे घरी. वडील लहानपणीच गेले."

"आणि आई काय म्हणते तुमच्या नोकरीला?"

"काहीच म्हणत नाही," नमुनेराव म्हणाले, आणि का कोण जाणे, अठ्ठावीस वर्षांचं गाऱ्हाणं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. "कधी विचारतसुद्धा नाही. लोकांना सांगते, कागदाचं काम करतो."

आत्या आणि किल्लीवाल्यानं एकमेकांकडे पाहिलं. म्हातारीचा चेहरा एकदम मऊ झाला.

"दुसरं काय सांगणार होती बिचारी," ती म्हणाली.

बाहेर पडल्यावर नमुनेराव चुकीच्या दिशेनं चालत सुटले. त्यांच्या डोक्यात नुसता गोंधळ माजला होता. आत्याचं ते वाक्य कळल्यासारखं वाटे आणि पुन्हा निसटे. चौकात आले तर समोर त्यांचंच पोस्टर, आता एका कोपऱ्यात फाटून लोंबणारं. त्यांनी ते परक्यानं वाचावं तसं वाचलं. सुतार, वय सेहेचाळीस. खोल्या दोन. अंगणात नळ. त्यांचे वडील सुतार होते. गेले तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते, आणि ताई तेव्हा बारा वर्षांची होती. दोन खोल्या होत्या, अंगणात नळ होता. यातलं काहीएक त्यांनी मुद्दाम लिहिलं नव्हतं. खोटं कुटुंब मांडायला बसले की हात आपोआप ओळखीचं काही उचलत असणार. मग त्या हातानं 'सोरवणी' हा शब्द तरी नवा कुठून आणला असणार?

घरी आई वाटाणे सोलत बसली होती. मांडीवर शेंगा, पुढ्यात वाडगा. नमुनेराव बॅग न काढताच समोर बसले.

"आई, सोरवणी म्हणजे काय गं?"

शेंग सोलता सोलता तिचे हात थांबले. उजवी मूठ मिटली, अंगठा आत.

"कुठं ऐकलंस?"

"तुझ्याकडूनच ऐकलं असणार. मला आठवत नाही."

"मी कधी बोलले नाही. कुणापुढं नाही. भिंतीपुढंसुद्धा नाही."

"दाराला कडी लावताना तू काहीतरी पुटपुटायचीस."

"तुम्ही झोपलेले असायचात तेव्हा."

"मी नसायचो झोपलेला."

आई म्हणाली, "लबाड होतास तू लहानपणापासून." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिनं पुसलं नाही, वाटाणेच सोलत राहिली. तुटक तुटक बोलली. लग्नात त्यांच्या वडिलांची एकच अट होती, की ते नाव घरात नको. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता, आणि भ्यायला तेव्हा कारणही होतं. मग तिच्या माहेरची वस्ती उठवली गेली. जो तो वाट फुटेल तिकडे गेला. पत्रं बंद झाली. "मला वाटलं, संपलं सगळं. आता माझ्याबरोबर उरलंसुरलं जाईल. तुम्हा पोरांना कशाला सांगायचं? न बघितलेल्या माणसांसाठी तुम्ही काय रडणार?"

"आणि माझी नोकरी?"

"काय करू मी तुझ्या नोकरीचं?" आई एकदम भडकली. "पोरगं कामाला लागलं, तेही कुठं, तर माणसं मोजायला! अरे, दुसरं एकही खातं मिळालं नाही तुला? पत्र घेऊन आलास तेव्हा इतका खूश होतास, की हसू का रडू तेच मला कळेना. बोलले असते तर तू सोडली असतीस. म्हणून बोलले नाही. एक दिवस नाही बोलले."

इतकी वर्षं उराशी धरलेला रुसवा एका क्षणात निकामी झाला, आणि त्याच्या जागी काय ठेवायचं ते नमुनेरावांना समजेना.

"मलाही मोजलंस?" आईनं हळूच विचारलं.

"तीनदा."

"वाटलंच. दर दहा वर्षांनी गुडघा उगीच नव्हता धरत माझा."

दोघं हसली, आणि हसता हसता नमुनेरावांचे डोळे भरून आले. त्यांनी बॅगेतून कागद काढून तिच्यापुढं ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. असा धर्म नाही, अशी सही केली तर सात महिन्यांनी आपण हार घालून घरी येऊ. आहे, असं लिहिलं तर पहिली सही खोटी ठरेल. चौकशी बसेल, निवृत्तीचे कागद कुठं अडकतील ते सांगता येत नाही. तेही एक वेळ सोसू. पण नाव कुठून मिळालं, असं ते विचारतील. खाली 'माहितीचा स्रोत' असा रकाना आहे.

"तिथं मला तुझा उल्लेख करावा लागेल, आई. तू साठ वर्षं लपवलेलं सरकारी फायलीत जाईल. तू नको म्हणालीस तर मी नाही लिहिणार. आहे त्या कागदावर सही करीन आणि तुला कधी दोष देणार नाही."

"ती माणसं कुठं आहेत म्हणालास?"

"बाजारामागं. बसनं वीस मिनिटं."

"वीस मिनिटं," आई म्हणाली. पुन्हा म्हणाली, "वीस मिनिटं." शेंगांचं फोलपट तिच्या मांडीवरून खाली घसरलं. उन्हं खिडकीतून काढता पाय घेत होती. मग तिनं आयुष्यात कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"कितीजण आहेत रे?"

आकडा नमुनेरावांच्या जिभेवर होता. दोन दिवस ते दुसरं काही घोकत नव्हते. अठ्ठावीस वर्षांत त्यांना इतक्या आतुरतेनं आकडा कुणी विचारला नव्हता, आणि विचारत होती ती आई. त्यांनी तोंड उघडलं. मग तिची मूठ त्यांना दिसली, अजून घट्ट मिटलेली, अंगठा आत कोंडलेला. त्यांनी आकडा गिळला.

"किल्लीवाला," ते म्हणाले.

आईनं मान वर केली.

"त्याची आत्या. खिडकीत बसते, तोंडाची फटकळ आहे, तुझ्यासारखी. त्याची बहीण, शिवणकाम करते. तिचा नवरा, बस चालवतो. त्यांची मुलगी, शाळेत जाते."

"हं," आई म्हणाली.

"समोरचा घड्याळजी. त्याची बायको. त्याचा सासरा, ऐकू येत नाही त्याला."

"हं."

फॉर्म त्यांना पाठ झालेच होते. एकेक घर उघडत ते पुढं जात राहिले. दवाखान्यात कपडे धुणारी, तिचा मुका भाऊ, काचा बसवणारा, त्याच्या दोघी सुना, त्यातल्या धाकटीचं तीन महिन्यांचं बाळ, ज्याचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं. प्रत्येकाला आई "हं" म्हणत होती. जणू तो माणूस दारातून आत येऊन पाय पुसत होता. हळूहळू तिची बोटं सैल झाली. शेवटचं घर संपलं तेव्हा हात उघडा होऊन मांडीवर पडला होता.

नमुनेराव थांबले. आईनं दाराकडे पाहिलं.

"कोण राहिलं?"

"तू."

"मग लिही की," ती म्हणाली. "लिही. माझं काय जातंय आता."

त्यांनी 'असा धर्म अस्तित्वात नाही' हे वाक्य खोडलं आणि स्रोताच्या रकान्यात लिहिलं: माझी आई. वर पाहिलं तर आई अजून दाराकडेच बघत होती.

"आणि?" ती म्हणाली.

"आणि कुणी नाही. झाले सगळे."

"आणि?"

आपण काय आहोत, हे नमुनेरावांना त्या घटकेला खरोखरच माहीत नव्हतं. सकाळी विचारलं असतं तर त्यांनी वडिलांचा धर्म बिनदिक्कत सांगितला असता. काल विचारलं असतं तर हसले असते. आता त्यांच्यासारखा जुना कारकून स्वतःचाच रकाना भरता येत नाही म्हणून पेन हातात धरून बसला होता.

आईनं वाडगा बाजूला सारला. तो तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता, तरी तिनं तोंड अंगणाकडे केलं आणि पूर्वी ताटं मांडताना मारायची तशी खणखणीत हाक मारली.

"बाळ्या!"

त्यानं पेन खाली ठेवलं.

"ओ," तो म्हणाला. "आलो, आई."